खड्डा कोणी उपसायचा?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईनं "तुम्ही नोकरीला कुठे होता?" असं विचारलं, की मी आधी तिच्या ताटाकडे बघते. जेवण चालू असेल तर "जिल्हा परिषदेत" एवढंच सांगते आणि मठ्ठा मागून घेते. जेवण उरकलं असेल आणि बाई बरी वाटली, तर खरं सांगते. मी लोकांकडून संडास बांधून घ्यायचे. घरोघरी संडास हवा म्हणून देशभर मोहीम निघाली, तेव्हा नाशिकच्या आसपासच्या खेड्यांतून मी त्या कामासाठी फिरत होते. बांधून घेणं त्यातल्या त्यात सोपं होतं. बांधलेल्यात माणूस जाऊन बसणं, ही खरी नोकरी.

कागदावर मी स्वच्छता समन्वयक, तीही कंत्राटी. गावांत मात्र माझं नाव 'संडासवाल्या मॅडम' असंच पडलं. एकदा इंदिरानगरच्या बसथांब्यावर एक पागोटंवाला लांबून ओरडला, "ओ संडासवाल्या मॅडम! ओळखलं का?" सगळा थांबा वळून माझ्याकडे बघायला लागला. ओळखलं तर होतंच. पण ओळख दाखवावी की नाही, हे ठरेपर्यंत नशिबानं बस आली आणि मी चढले.

माझ्या वडिलांना, भाऊंना, हे नाव कधीच पचलं नाही. आम्ही बौद्ध. गावात असताना आमच्या आजोबांच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. ते त्यांनी सोडलं, गाव सोडलं आणि भाऊंना शाळेत घातलं. भाऊ सातपूरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आम्हा भावंडांना त्यांनी उपदेश असा फारसा केला नाही. एकच सांगणं होतं, दुसऱ्याची घाण उचलायची नाही, उपाशी राहा. आणि मी नोकरी कुठली धरली, तर ही! ऑर्डर हातात घेऊन घरी आले तेव्हा ते म्हणाले, "बापानं ढोरं ओढणं सोडलं आणि लेक लोकांच्या संडासात शिरली. छान." मग पेपर उघडून बसले. कॉलनीत कोणी विचारलं की तेसुद्धा "जिल्हा परिषदेत आहे ती" एवढंच सांगायचे. पंगतीतली युक्ती मी त्यांच्याकडूनच उचलली.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते. नाक धरू नका, घाण काही नाही त्यात. गावाकडे गटार नसते, म्हणून संडासाला दोन खड्डे करायचे. खड्डा कमरेपेक्षा थोडा खोल, कडेनं जाळी ठेवून रचलेल्या विटा, तळाला नुसती माती. पाणी जमिनीत जिरतं. भांड्यापासून येणारी वाट मधल्या एका छोट्या चौकोनी हौदापाशी दोन्हीकडे फुटते आणि त्यातली एक वाट वीट लावून बंद ठेवायची. पहिला खड्डा भरला की वीट उचलून दुसरीकडे लावायची, घाण दुसऱ्या खड्ड्यात जायला लागते. पहिला खड्डा वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला की आतलं सगळं कुजून त्याची काळी, भुसभुशीत माती होते. वास नाही, काही नाही. ती काढून शेतात टाकायची आणि खड्डा पुन्हा वापरायला मोकळा. सोनखत म्हणतात त्याला. नाव सोन्याचं, पण हात लावायला कोणी तयार नाही, अशी त्याची गत.

लोक मात्र खड्ड्यापर्यंत यायच्या आतच नाना तऱ्हा करायचे. हरसूलच्या बाजारात भेटलेला एक नागलीवाला मोठ्या कौतुकानं मला घरी घेऊन गेला. संडास नवाकोरा, रंग दिलेला, दाराला कुलूप. उघडून बघते तर आत छपरापर्यंत नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, पोती. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तो म्हणाला, "मॅडम, सगळ्या घरात येवढी पक्की जागा दुसरी नाय. उंदीर नाय, पानी नाय. सरकारनं लय चांगली खोली दिली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "असल्या जागेत घाण करायची म्हंजे पाप नाय का?" त्याचं स्वतःचं घर कुडाचं होतं, आणि विटांची पहिली भिंत त्याच्या आयुष्यात आली ती संडासाची. पुढल्या खेपेला गेले तेव्हा पोती हलली होती आणि आत शेळी बांधलेली होती.

मग पहाटेची पथकं निघाली. रानात टमरेल घेऊन बसलेल्या माणसाजवळ जाऊन शिट्टी वाजवायची, हातात गुलाबाचं फूल द्यायचं, अशी कल्पना कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालेली. मला ते काम मनापासून नावडायचं. बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला शिट्टी मारून उठवायचं, यात कसली आलीय स्वच्छता? एका बाबानं तर मला पुरतं गार केलं. जागचा न हलता म्हणाला, "पोरी, फूल ठेव तिथं दगडावर. हात धुतल्यावर घेतो." आमचं सगळं पथक पाठ फिरवून खुसुखुसु हसायला लागलं, आणि त्या दिवशीची मोहीम तिथेच संपली.

पण मला सांगायची आहे ती भिकाअण्णांच्या घरची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. शहरापासून लांब नाही, भाजीपाला आणि झेंडू पिकवणारं गाव आहे, माल पंचवटीच्या बाजारात येतो. अण्णा घरचे कर्ते, चार लोकांत शब्द असलेले. बायको यशोदाबाई, मुलगा कंपनीत, आणि सून मनीषा. गावात पहिला संडास अण्णांनी बांधला आणि तोही हौसेनं. बाहेरून टाइल, दारावर मोराचं चित्र. दार रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. दारासमोर ओटा, आणि ओट्यावर दिवसभर स्वतः अण्णा.

महिनाभरानं गेले तर घरातले सगळे वापरतात, मनीषा तेवढी ओहोळाकडे जाते. सासू म्हणाली, "काय करावं मॅडम, तिला सवयच नाय." मी मनीषाला गोठ्यामागे गाठलं. ती म्हणाली, "ताई, मामा समोर बसलेले असतात. त्यांच्या देखत बादली घेऊन आत कशी जाऊ? आन् बाहेर येताना?" सासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर न पाडणारी, त्यांच्याशी थेट एक शब्द न बोलणारी सून ती. तिचं बरोबर होतं. आमच्या कुठल्याच प्रशिक्षणात दाराचं तोंड कुठे असावं, हे सांगितलेलं नव्हतं.

अण्णांना हे सांगायचं कसं? मी वास्तुशास्त्राचा आधार घेतला. म्हटलं, "अण्णा, दार रस्त्याकडे नको. लक्ष्मी बाहेर जाते." आठ दिवसांत मोराचं दार मागच्या बाजूला गेलं. मनीषानं मला त्या दिवशी गवारीच्या शेंगांची पिशवी भरून दिली. आणि नुसती हसली. तेव्हापासून त्या घरी मी जेवल्याशिवाय परत आले नाही. थेट चुलीपाशी पाट मांडून बसायचे. माझं आडनाव गायकवाड, सगळ्या जातींत सापडणारं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काही वर्षं गेली. पहिला खड्डा भरला तेव्हा वीट मी स्वतः उभी राहून बदलून घेतली. पुढे दुसराही भरत आला. म्हणजे आता पहिला उपसायची वेळ. मी दोन-तीनदा निरोप दिला, अण्णा "बघू, बघू" म्हणत राहिले. मग एका उन्हाळ्यात गावातल्या बायाबाळांच्या तब्येती बघणाऱ्या आशाताईचा फोन आला. "मॅडम, मनीषाकडे या एकदा. सातवा लागलाय आणि पोरगी पाणी पीत नाही."

गेले. मोराच्या दाराला कुलूप. भांड्यात पाणी तुंबायला लागलं म्हणून अण्णांनी संडास बंद केला होता. पुरुष मळ्यात जायचे, त्यांना काय. मनीषाला मात्र उजाडायच्या आत ओहोळ गाठायचा आणि मग दिवसभर कळ काढायची. म्हणून तिनं पाणी तोडलं होतं, संध्याकाळचं जेवणही. पाय सुजलेले, लघवीला जळजळ, अंगात बारीक ताप. आशाताई म्हणाली, "डॉक्टर रागावले. असंच चाललं तर दिवस भरायच्या आधी बाळंत होईल म्हणाले." मनीषा दाराआडून ऐकत होती. पहिल्या खेपेला तिचं मूल वाचलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, आजच खड्डा उघडायचा. आत आता नुसती माती आहे. दोन माणसांचं तासाभराचं काम आहे."

अण्णा म्हणाले, "मी कुठं नको म्हणतो? माणूसच मिळंना. आमच्यात कोन हात लावीन त्याला? मॅडम, तुम्हीच एक काम करा. वस्तीवर सांगा. बौद्धवाड्यात. तुम्ही सरकारी मानूस, तुमचं ऐकतील. मजुरी देऊ आपण, फुकट नाय म्हनत मी. त्यांचं कामच हाय ते."

अगदी साध्या आवाजात म्हणाले. भांडण नाही, शिवी नाही. पाऊस पडला की ओल येणारच, तसं.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगते. जिथे पहिला खड्डा उघडायचा तिथे आम्ही आधी स्वतः हात घालतो. मूठभर माती काढतो, हुंगतो, लोकांना हुंगायला देतो. लोकांची भीती मोडते. मी हे कितीतरी गावांत केलं होतं, साहेबलोकांना करायला लावलं होतं. त्या दिवशीही पिशवीत हातमोजे होते. खाली वाकले असते की काम झालं असतं, संध्याकाळपर्यंत कुलूप निघालं असतं.

पण मी वाकले नाही. आजही सांगते, मला वाकता आलं नाही. अण्णा "त्यांचं काम" म्हणून गेले होते, आणि त्या शब्दांनंतर माझा हात खड्ड्यात गेला असता, तर तो आजोबांचाच हात झाला असता. भाऊ पेपरमागून माझ्याकडे बघताहेत असं वाटलं. दुसरीकडे दाराआड ती पोरगी, सुजलेल्या पायांची. तिचा काय गुन्हा? माझ्या मानासाठी तिनं ओहोळावर जायचं का? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. रागही आला होता आणि रडूही.

शेवटी म्हटलं, "अण्णा, मी वस्तीवर सांगणार नाही. आणि मी स्वतःही हात लावणार नाही. मी त्याच समाजाची आहे."

यशोदाबाई चहा टाकायला उठल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं चुलीपाशी पाटावर जेवलेली बाई ती हीच का, हे ताडून बघत असावेत. आशाताईनं उगाचच पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. मला वाटलं, उठावं, गाडीला किक मारावी आणि पुन्हा या गावात येऊ नये.

तेवढ्यात मनीषा बाहेर आली. डोक्यावर पदर, एका हातानं कंबर धरलेली, दुसऱ्या हातात गोठ्यातलं फावडं. सरळ मागच्या अंगणात गेली. आम्ही सगळे मागोमाग. खड्ड्याच्या झाकणापाशी उभी राहून ती बोलायला लागली. सासऱ्यांशी बोलायचं नाही हा नेम तेव्हाही तिनं मोडला नाही. अण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे, आणि ही माझ्याकडे बघून म्हणाली,

"ताई, मामांना सांगा, मी काढते. त्यात जे काय हाय ते आपल्याच घरचं हाय. मामांचं, आत्याबाईंचं, माझं. वस्तीवरच्यांचं त्यात काय हाय? ते कशाला येतील?"

मी सांगायची गरजच नव्हती.

तिनं फावड्याचं टोक झाकणाच्या फटीत घातलं. यशोदाबाई ओरडल्या, "अगं बया, सोड! पोटात पोर हाय तुझ्या! अहो, बघत काय राह्यले तुम्ही?" मनीषानं फावडं सोडलं नाही. तेव्हा अण्णा पुढे झाले. सुनेच्या हातातलं फावडं घेणंही रीतीला धरून नव्हतं, म्हणून त्यांनी नुसता हात पुढे केला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले. तिनं फावडं जमिनीवर ठेवलं. त्यांनी ते उचललं. पागोटं काढून बायकोकडे दिलं, धोतर वर खोचलं आणि पहारीनं झाकण सरकवलं.

आत काय असायचं होतं? माती. काळी, कोरडी, चहाच्या चोथ्यासारखी. अण्णांनी श्वास रोखून पहिलं फावडं मारलं. मग थोडा वेळ थांबून जपून श्वास घेतला. मग दुसऱ्यांदा. खाली वाकून चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं, शेतकरी चोळतो तसं. "ह्यॅ," असं म्हणाले. एवढंच. घमेली भरून वर यायला लागली आणि यशोदाबाई ती झेंडूच्या वाफ्यांकडे न्यायला लागल्या. तिथे पुढच्या महिन्यात रोपं लागायची होती. कुंपणापलीकडे शेजारीपाजारी जमले. कोणी तोंडाला फडकं लावून आले होते, थोड्या वेळानं ती फडकी खाली आली. सरपंच म्हणाले, "अण्णा, तुम्ही सोता?" अण्णा खड्ड्यातूनच म्हणाले, "मंग? माझ्या घरचा खड्डा, तू काढतो का?"

मी हौदातली वीट बदलून घेतली. कुलूप निघालं. मनीषा आधी तांब्याभर पाणी प्यायली, सगळ्यांसमोर, घटाघटा. मग आत गेली. मी बाहेर उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आशाताईला सांगितलं, ऊन लागलं.

नंतर चहा आला. कप हातात घेताना मी बघितला. बघायला नको होता, पण नजर गेली. नेहमीचाच होता, कडेला टवका उडालेला. आणि पाटही नेहमीच्या जागी, चुलीपाशी. यशोदाबाई म्हणाल्या, "बसा ना, उभ्या का?" अण्णा माफी वगैरे काही मागत बसले नाहीत. ते तसे नव्हेत. मळ्यात अंघोळीला गेले.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही. काही घरांनी पुढे आपापले खड्डे उपसले. सरपंचांनी मात्र जुना खड्डा उघडण्यापेक्षा तिसरा नवा खणला. आता चौथ्यासाठी जागा शोधताहेत असं ऐकते. परसात जागा संपेल तेव्हा बघू. काही वर्षांनी माझा करारही वाढवला नाही. वय झालं होतं, तक्रार नाही.

मनीषाला श्रावणात मुलगी झाली. चांगली दणकट, रडकी. आणि दसऱ्याच्या सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली. अण्णा उतरले, पंचवटीच्या बाजारातून तसेच आलेले. खांद्यावर झेंडूचं गाठोडं. फुलं केवढी! मुठीत मावेनात. "सुनबाईनं धाडलीत," म्हणाले. पहिल्यांदाच आमच्या घरात आले होते. बुद्धाची मूर्ती बघितली, भाऊंना "राम राम" म्हणाले, थोडं अडखळून. भाऊ म्हणाले, "जय भीम. बसा." अण्णा बसले, आमच्याकडचा चहा प्याले, पाणी मागून घेतलं आणि मिरवणुकीत रिक्षा अडकेल म्हणून लगेच निघाले.

भाऊंनी विचारलं, "कोण हे?" तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत नोकरीतलं काही ते विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हते. ते डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, "तू हात लावला नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही." "मग कोणी उपसला?" "ज्याच्या घरचा होता त्यानं."

दसरा म्हणजे आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. दुपारपासून कॉलनीतले लोक पांढरे कपडे घालून येत-जात होते. भाऊंनी स्वतःच्या हातानं हार ओवला होता आणि मूर्तीपुढे सगळी जागा पिवळी झाली होती. शेजारचे कांबळेकाका म्हणाले, "भाऊ, यंदा एवढी टपोरी फुलं कुठनं आणलीत?"

मी स्वयंपाकघरात खीर ढवळत होते. भाऊंचा आवाज आला, चांगला मोठ्यानं, कारखान्यातल्या यंत्रांवरून बोलायची सवय होती तसा.

"माझी मुलगी गावोगाव संडास बांधून घेते. तिथल्या खतावरची आहेत."